डास दूर ठेवणारे रेणू संगणकावर कसे शोधतात?

प्रश्न: डीट हे डास दूर ठेवणारे रसायन १९४६ पासून अमेरिकी सैन्यात वापरले जाऊ लागले. ते प्रभावी आहे खरे, पण माझ्या चष्म्याची प्लास्टिकची काडी त्याने बुळबुळीत झाली. संगणकाच्या मदतीने याहून सरस पदार्थ शोधता येतो का?

उत्तर १: नक्कीच येतो. ज्या पदार्थांचा परिणाम आधी मोजलेला आहे, त्यांच्या रेणूंचा आकार, विद्युतभाराची वाटणी अशी वैशिष्ट्ये संगणकाला दिली की तो रचना आणि परिणाम यांतला संबंध शिकतो, आणि मग अजून कोणी बनवलेलाही नाही अशा रेणूबद्दल अंदाज बांधता येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका कामात ॲसिलपिपरिडीन गटातील काही रेणूंनी कापडावर ७३ दिवसांपर्यंत संरक्षण दिले; डीटचा प्रभाव तिथे साडेसतरा दिवस टिकला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: एक पुस्ती जोडतो. कापडावर टिकणारा रेणू त्वचेसाठी सुरक्षित असेलच असे नाही. ती चाचणी वेगळी करावीच लागते. दुसरा मार्ग गंधग्राहकाचा, म्हणजे कीटकाच्या वास ओळखणाऱ्या प्रथिनाचा आहे; त्यात रेणू कसा बसेल हे पाहायचे. २०२१ मध्ये एका आदिम, पंखहीन कीटकाच्या गंधग्राहकात डीट नेमके कुठे बसते हे दिसले. मात्र तो ग्राहक डासाचा नसल्यामुळे त्यावरून काढलेले अनुमान प्रत्यक्ष डासांवर तपासल्याशिवाय मी तरी स्वीकारणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बाष्पनशीलतेचाही विचार होतो का?

उत्तर १: होतो. रेणू फार लवकर उडाला तर संरक्षण संपते, मुळीच उडाला नाही तर डासाला दुरून त्याचा वास येत नाही.