आयसीडीच्या तारेत चांदी कशाला?

सांगलीकर
आईला आयसीडी (हृदयाचे ठोके धोकादायक बिघडले की विजेचा झटका देणारं यंत्र) बसवलाय. माहितीपत्रकात लीडच्या (यंत्रातून हृदयात जाणाऱ्या तारेच्या) वर्णनात ‘एमपी३५एन, सिल्व्हर कोअर’ असं आहे, म्हणजे बाहेर एमपी३५एन नावाचा मिश्रधातू नि आत चांदी. शोधलं तर या मिश्रधातूत ३५ टक्के निकेल! आईला खोट्या बांगड्यांनीही पुरळ उठतं. आणि चांदी रक्तात उतरणार नाही ना? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण इथे कुणी धातूंतलं आहे का?

तारवाला
आहे ना. सगळी नोकरी तार ओढण्यात गेली. कोबाल्ट ३५, निकेल ३५, क्रोमियम २०, मॉलिब्डेनम १०, हा तुमचा एमपी३५एन. दणकट गडी. हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके, दर ठोक्याला लीड वाकते. नुसती चांदी कधीच तुटली असती. पण याचा विद्युतरोध चांदीच्या साधारण ६० पट. पेसिंगला, म्हणजे ठोका चालू ठेवायच्या बारीक विद्युत इशाऱ्याला, चालून जातं. झटका मात्र ७००-८०० व्होल्टचा, काही मिलिसेकंद दहा-पंधरा अँपिअर. त्यातली ऊर्जा तारेतच वाया घालवून कसं चालेल? म्हणून एमपी३५एनच्या नळीत चांदीची सळई घालून दोन्ही एकत्र डायमधून (बारीक भोकाच्या साच्यातून) ओढायच्या. हा मुलामा नव्हे हां! तार ०.१ मिमीपर्यंत उतरली तरी चांदीचा वाटा तोच राहतो, कॅटलॉगमध्ये २८ टक्के, ४१ टक्के असा लिहिलेला असतो. खरी कटकट अ‍ॅनीलिंगची, म्हणजे तार तापवून मऊ करण्याची. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि एमपी३५एन पुरता मऊ व्हायला हजाराच्या वर जावं लागतं. बाहेरच्याला सांभाळायचं की आतल्याला, यावर आमच्याकडे शिफ्टच्या शिफ्ट वाद चालायचे.

रक्ताचं म्हणाल तर ही तार सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनच्या आवरणात असते. उघडी असते ती मुख्यतः झटक्याची कॉइल, म्हणजे हृदयाला झटका देणारं तारेचं वेटोळं. काही लीडमध्ये ती प्लॅटिनम चढवलेल्या टँटलमची असते, म्हणजे तिथंही दोन थरच. यंत्राची डबी टायटॅनियमची.

कॅथलॅबवाली
स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीत) वेगळाच हिशेब. रिझोल्यूट ऑनिक्स या स्टेंटमध्ये बाहेर कोबाल्टचा मिश्रधातू, आत प्लॅटिनम-इरिडियम, कारण पातळ कोबाल्ट एक्स-रेत नीट दिसत नाही. सांगलीकर, पुरळाचं फाइलवर लिहून घ्याच. आणि एमआरआयची वेळ आली तर डबी नि लीड दोन्ही मिळून चालतात का, ते यंत्राचं कार्ड दाखवून विचारा. नुसती डबी चालून उपयोग नाही.

सांगलीकर
आभार. कॉइल टँटलमवालीच आहे, पुढच्या पानावर निघालं. काका, इतकी बारीक तार जोडतात कशी? वेल्डिंग?

तारवाला
कुठे लेझर वेल्ड, कुठे क्रिम्प, म्हणजे नळीत घालून दाबून आवळायचं. चांदी लेझर परतवते, शिवाय वितळून बाहेर आली की जोड बिघडला. मला विचाराल तर क्रिम्पच.