रिकाम्या पिकअपच्या चाकातून मधूनमधून येणारा आवाज : बेअरिंग की आणखी काही?

गूळवाला :
नमस्कार. माझी पिकअप सात वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक आणि मागच्या बाजूला पाटे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या) आहेत. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरून मी आठवड्यातून दोन-तीनदा गगनबावड्याकडे जातो. जाताना, म्हणजे गाडी भरलेली असताना, काहीही ऐकू येत नाही. परतताना मात्र कळे गावाच्या आसपास डाव्या बाजूने पत्रा खरवडल्यासारखा खर्र-खर्र आणि मध्येच टक असा आवाज सुरू होतो, दोन-तीन किलोमीटर टिकतो आणि आपोआप थांबतो. ताशी ३०-४० च्या वेगात तो स्पष्ट असतो. ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी बंद होतो. गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक पॅड बदलून झाले, तरी आवाज आहे तसाच आहे. आता मागचे बेअरिंगही बदलावे, असा सल्ला मिळाला आहे. पुन्हा खर्च करण्याआधी नेमके काय तपासावे?

उद्यमनगरकर :
मागच्या बेअरिंगला तूर्त हात लावू नका. खराब बेअरिंग सहसा घूं-घूं असा एकसंध आवाज करते, वेगाबरोबर तो चढतो आणि भार वाढला की बहुधा आणखी स्पष्ट होतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, त्यामुळे डावे बेअरिंग गेले असेल तर अशा वळणावर आवाज वाढायला हवा. आपल्या गाडीचे सगळेच उलटे आहे : भरलेली असताना शांत, रिकामी असताना बोलकी. रिकाम्या पिकअपचे पाटे दबत नाहीत, त्यामुळे मागचा भाग प्रत्येक खड्ड्यावर आदळतो आणि चाकाच्या आत काही सैल असेल तर ते त्या वेळीच हलते. माझा संशय मागच्या ड्रमवर आहे.

खात्री मात्र करून घ्या. जॅक आणि स्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. तेव्हा खेळ नाहीसा झाला तर बेअरिंगकडे बोट जाते.

जुना_चालक :
ब्रेकवर पाय टेकवल्यावर आवाज थांबतो, एवढ्यावरून पुढचे पॅड बदलणे ही घाई झाली. तो पेडल चारही चाकांना लागतो, हँडब्रेक मात्र फक्त मागच्या दोन चाकांना. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मागे-पुढे कोणी नसताना ताशी २० च्या वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरा आणि दांडा हळूच एक-दोन दाते वर घ्या. झटका देऊ नका. आवाज बदलला तर दोष मागे आहे.

आवाजाची गतीही मोजता येते. टायरचा घेर सुमारे २.१ मीटर धरला तर ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला अडीच-पावणेतीन फेरे घेते. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) सुमारे चौपट वेगाने फिरत असतो. टक-टक मोजता आली तर चाक. मोजण्यापलीकडे असेल तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, पाहावा. शिवाय बालिंग्याच्या पुलावर काच खाली करून ऐका, कठड्यावर आपटून परत येणारा आवाज कोणत्या बाजूचा आहे ते चांगले कळते.

पाना_नंबर_२१ :
त्याआधी चाकांचे नट पान्याने तपासा. पुढचे चाक नुकतेच काढले होते, म्हणून सांगतो. चाक काढून बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, आणि हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

गूळवाला :
सर्वांचे आभार. नट घट्ट होते. टक-टक मोजता आली, सेकंदाला जेमतेम अडीच. हँडब्रेकचा एक दाता वर घेताच आवाज बंद झाला, सोडताच पुन्हा आला. काल मागचा डावा ड्रम उघडला. एका लायनरला (ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणारा भाग) मागच्या पत्र्यावर धरून ठेवणाऱ्या पिनेची स्प्रिंग तुटली होती आणि तिचा वाकडा तुकडा ड्रमच्या तळाशी पडला होता. खड्ड्यात लायनर तिरका होऊन ड्रमला घासत असे, ब्रेक लागला की चेपून बसत असे. ड्रमच्या कडेला बोटाने जाणवेल अशी चकचकीत रेघ पडली आहे.

उद्यमनगरकर :
स्प्रिंग आणि पिना दोन्ही बाजूंच्या बदला. उजवीकडच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. आतील धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ती नाकातोंडात जाते. ओल्या कापडाने पुसा. लेथवर नेण्याआधी ड्रमचा आतला व्यास मोजून घ्या. कमाल मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते, आणि ती ओलांडली असेल तर रेघ घासून काढण्यात अर्थ नाही, ड्रमच बदलावा लागेल.