डेनॉनव्हिलिए फॅसियाच्या पुढून जावे की मागून?

प्रश्न (शल्यचिकित्सा निवासी डॉक्टर, कोल्हापूर)
गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत सहायक म्हणून उभा असताना, सेमिनल व्हेसिकल (वीर्यकोश) दिसू लागले की आमचे सर एक पांढरट, चमकदार पडदा दाखवतात आणि ‘याच्या मागेच राहा’ असे बजावतात. पुस्तकांत मात्र गुदाशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्यामधील या पडद्याचा, म्हणजे डेनॉनव्हिलिए फॅसियाचा, कुठे एकच पदर, तर कुठे दोन सांगितले आहेत. मग नेमक्या कोणत्या पातळीत शिरावे?

उत्तर (कोलोरेक्टल सर्जन)
१८३६ मध्ये वर्णिलेला हा पडदा पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतील अस्तराच्या) खालच्या टोकापासून पेरिनियल बॉडीपर्यंत (गुदद्वाराच्या पुढच्या स्नायू-ऊतींच्या गाठीपर्यंत) उतरतो आणि मध्यरेषेत प्रोस्टेटला घट्ट चिकटलेला असतो. ज्याला ‘मागचा पदर’ म्हणतात, तो बहुतेकदा गुदाशयाचे स्वतःचे आवरण असते, असे माझे मत आहे. त्यामुळे पदर मोजत बसण्यात अर्थ नाही. गाठ मागच्या भिंतीवर असेल, तर तुमच्या सरांचे म्हणणे योग्य आहे. तरीही अनेक जण सेमिनल व्हेसिकलच्या मागे, पण पडद्याच्या पुढून सुरुवात करतात, प्रोस्टेटच्या पायथ्याशी तो उलट्या ‘यू’ आकारात आडवा कापतात आणि तेथून त्याच्या मागे जातात. गाठ पुढच्या भिंतीवर असेल, तर मात्र पडदा गुदाशयाबरोबरच काढावा लागतो, आणि हा निर्णय एमआरआय पाहून आधीच झालेला असावा.

उत्तर (मूत्रविकार शल्यविशारद)
आम्ही याच जागी समोरून येतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाच आणि सातच्या जागी, प्रोस्टेटच्या मागच्या कडांना, लैंगिक क्रियेच्या चेतांचे गुच्छ असतात. १९८२ मध्ये वॉल्श आणि डोंकर यांनी हा मार्ग दाखवल्यानंतरच चेता वाचवणारी प्रोस्टेट शस्त्रक्रिया शक्य झाली. पडद्याच्या पुढे फार बाजूला सरकलात, तर रक्तस्राव होतो, आणि तो थांबवण्यासाठी लावलेला डायथर्मीचा (विजेच्या उष्णतेचा) चटकाच या चेता जाळतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजन, लवचीक तंतू आणि मृदू स्नायू एकमेकांत मिसळलेले दिसतात; मग जिवंत ऊतीत सुटसुटीत पदर सापडण्याची अपेक्षा का ठेवावी?

प्रश्नकर्ता
धन्यवाद सर. रेडिओथेरपी घेतलेल्या रुग्णात हीच पातळी सापडते का?

उत्तर (कोलोरेक्टल सर्जन)
सापडते, पण ऊती कडक आणि चिकटलेल्या असतात. अशा वेळी मध्यरेषेत जोर लावण्याऐवजी आधी मागची व बाजूंची मोकळी पातळी सोडवून घ्यावी आणि पुढचा भाग शेवटी करावा. अगदी खाली, गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यामधील रेक्टोयुरेथ्रॅलिस स्नायूपाशी, नैसर्गिक फट नसतेच. तेथे मूत्रमार्गातील कॅथेटर हाताला लागतो का हे पाहत तीक्ष्ण कात्रीने थोडे थोडे कापावे.