सरदारजींचे विनोद: थट्टा कुठे संपते, आकस कुठे सुरू होतो?

गोदाकाठची:
शाळेच्या जुन्या ग्रुपवर काल परत सरदारजीचा विनोद आला. मी नांदेडची. हुजूर साहिबमुळे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शीख कुटुंबं आहेत, आमच्याइतकंच मराठी बोलणारी. चौथीत असाच एक मुलगा माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे वर जुळले की मागून कुणीतरी बाक वाजवायचं, सगळा वर्ग त्याच्याकडे वळायचा. "बारा वाजले!" तोही हसायचा. पण रोज बाराला पाच मिनिटं कमी असताना तो पाणी प्यायला जायची परवानगी मागायचा. का, ते मला फार उशिरा कळलं.

माझी कसोटी साधी आहे. सरदारजीच्या जागी बंड्या घातला आणि तेवढंच हसू आलं, तर ते नाव फक्त एका समाजाला मूर्ख ठरवायला घातलंय. तो आकसच.

ठाणेकर काका:
ताई, वाचून वाईट वाटलं. पण बंड्या घालून विनोद चालतो म्हणजे त्याचा सरदारांशी संबंधच नाही, असंही म्हणता येतं. खुशवंत सिंगांनी स्वतः असे विनोद भरपूर सांगितले. आम्ही कोकणस्थ, आमच्या चिक्कूपणावर प्रत्येक लग्नात विनोद होतात, आम्हीच आधी हसतो. हे विनोद थांबवा म्हणून एक शीख वकील बाई सुप्रीम कोर्टातही गेल्या होत्या. लोकांच्या वागण्याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असं कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. योग्यच सांगितलं.

गोदाकाठची:
बंदी मी मागतच नाहीये. संबंध नाही तर मग दर वेळी सरदारच का? खुशवंत सिंग घरातलं बोलत होते, चाळीस पोरांत एकटे बसले नव्हते. आणि चिक्कू म्हटल्याने तुमचं काय बिघडलं काका? १९८४ मध्ये दिल्लीत पगडी बघून माणसं मारली.

ठाणेकर काका:
काय बिघडलं? गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जाळली. त्यात माझ्या आजोबांचं होतं. पण ते चिक्कूपणाच्या विनोदांनी पेटलं असं मी म्हणणार नाही. राजकारणाचं पाप थट्टेच्या माथी मारू नका.

गोदाकाठची:
हे माहीत नव्हतं. "काय बिघडलं" हे शब्द मागे घेते.

डॉक्टर, लातूर:
ताई, तुमच्या कसोटीला एक मोठं भोक आहे. मेडिकलला असताना आमच्या मेसमध्ये ठरलेला विनोद होता, "कोट्यातला सर्जन आहे, नातेवाइकांना आधीच बोलावून घ्या." सांगणारे माझे मित्रच. यात बंड्या घातला तर विनोदच उरत नाही, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो सुटला. मला तर तोच सगळ्यात लागला. पहिलं सिझेरियन करताना कानात तेच वाक्य होतं.

गोदाकाठची:
खरंय, कसोटी चुकली. मग असं विचारायला हवं, की हसू यायच्या आधी मनात काय खरं धरावं लागतं? कोट्यातल्याला काही येत नाही, हे धरल्याशिवाय तुमच्या मेसमध्ये कुणाला हसू आलं नसतं.

ठाणेकर काका:
कोट्याचा विनोद मी कधी सांगितला नाही, सांगणारही नाही. पण सरदारजीवर हसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात सरदार मूर्ख असतात असं असतं, हे मला मान्य नाही. ताई, चौथीतल्या त्या वर्गमित्राला कधी विचारलंत का, त्याला काय वाटतं?

गोदाकाठची:
नाही विचारलं. तो त्याच ग्रुपवर आहे. काल त्या विनोदाखाली हसरा चेहरा सगळ्यात आधी त्यानेच टाकला.