पांढऱ्या पेशींचा आकडा नव्हे, सीडी३४ बघा

प्रत्यारोपणासाठी रक्तातून मूळ पेशी (स्टेम सेल) गोळा करताना जी-सीएसएफच्या (मज्जेला पेशी वाढवायला लावणारं औषध) इंजेक्शनांनी पांढऱ्या पेशी ४० हजारांवर गेल्या म्हणजे संकलन हमखास चांगलं होणार, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. वाढलेल्या त्या पेशी बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतात. मज्जा पुन्हा उभी करणाऱ्या मूळ पेशी त्यांत अगदी तुरळक. त्यांचा अंदाज रक्तातल्या सीडी३४ पेशी (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या) मोजूनच येतो. स्वतःच्याच पेशी परत द्यायच्या असलेल्या मायलोमा-लिम्फोमाच्या (रक्ताचे कर्करोग) रुग्णात इंजेक्शनांच्या चौथ्या-पाचव्या दिवशी हा आकडा दर मायक्रोलिटरला २० च्या वर असेल तर रक्तातून पेशी वेगळ्या काढणारं मशीन खुशाल लावावं. १० च्याही खाली असेल तर रुग्णाला चार-पाच तास दोन्ही हातांत सुया घालून झोपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी प्लेरिक्साफॉर (मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणणारं औषध) त्वचेखाली द्यावं, किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम (मूत्रपिंड कमकुवत असेल तर कमी), आणि साधारण ११ तासांनी संकलन सुरू करावं. लेनालिडोमाइड (मायलोमाचं एक औषध) बरेच महिने घेतलेल्यांत ही वेळ अनेकदा येते. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी हव्यातच, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. कमी पडल्या तर न्यूट्रोफिल कसेबसे वर येतात, प्लेटलेट मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतात.

आणि मशीन चालू असताना ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगायला हवं, अंगावर काढू नये. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्याची ही पहिली खूण. वेग कमी करून कॅल्शियम दिलं की बहुधा थांबतं. दुर्लक्ष झालं तर बोटं आखडतात.