बारिंगोचे जिराफ: वन्यजीव राखल्याने शेजाऱ्यांचं वैर मिटतं का?

रानभैरी:
केनियात बारिंगो सरोवराकाठी पोकोट आणि इल चामुस या जमातींचं जुनं हाडवैर. गुरं पळवायची, चराईवरून बंदुका काढायच्या. मग दोघांनी मिळून रुको नावाचं राखीव क्षेत्र उभं केलं, राखणदार दोन्हीकडचे घेतले आणि या भागातून नामशेष झालेले जिराफ २०११ मध्ये परत आणले. शांतता समितीत माणसं भाषणं ऐकून घरी जातात. इथे एकाच गस्तीवर जावं लागतं. मला हाच मार्ग टिकाऊ वाटतो.

उंटावरचा शहाणा:
गस्त पगारी आहे हो! देणग्या आटल्या की काय? आणि भांडण जिराफांवरून कधी होतं? ते पाण्याचं आणि चाऱ्याचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारिंगो धरून आसपासच्या भागात सरकारला लष्कर उतरवावं लागलं, ते विसरलात वाटतं.

रानभैरी:
विसरले नाही. पण २०२० मध्ये सरोवर चढलं तेव्हाचं बघा. जिराफांचं भूशिर बेट झालं, तेही आकसायला लागलं. रिकाम्या पिंपांवर तरंगणारा लोखंडी तराफा बनवला आणि मगरींच्या पाण्यातून एकेक जिराफ काठाला आणला. भूल द्यावी तर जिराफ दगावण्याची भीती, म्हणून जमेल तिथे खाऊ दाखवून तराफ्यावर चढवायचं. एप्रिल २०२१ पर्यंत नऊच्या नऊ सुखरूप! एकमेकांची गुरं पळवणारे लोक हे करतात, याला काहीच किंमत नाही?

मोजूनमापून:
किंमत आहे, पण एका रुकोवरून सगळीकडे तेच होईल असं धरू नका. केनियातल्याच इसिओलो परगण्यात बिलिको बुलेसा आणि चेराब ही ‘लोकांची’ म्हणवणारी दोन राखीव क्षेत्रं लोकांना नीट न विचारता, बेकायदा उभारली, असा निकाल जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दिला. तक्रार तिथल्याच रहिवाशांची होती. नाव ‘लोकांचं’, निर्णय भलत्याचाच.

उंटावरचा शहाणा:
अगदी!

रानभैरी:
‘अगदी’ काय? निकाल लोकांना डावलण्याविरुद्ध आहे, दोन जमातींनी एकत्र राखण करण्याविरुद्ध नाही. आणि पगाराचं म्हणाल, तर त्यांनी फुकट गस्त घालावी का?

उंटावरचा शहाणा:
फुकट नको. पण दुष्काळात कोणाची गुरं कुठे चरणार, हे दोघांनी बसून आधी ठरवू दे. जिराफ मग आणा.