सांगलीत वृद्धांच्या घरगुती सेवेचा व्यवसाय : नोकरी आधी सोडावी की नंतर?

प्रश्न : विश्रामबागची लेक

नमस्कार. मी सोळा वर्षांपासून पुण्यात एका आयटी कंपनीच्या एचआर विभागात आहे. माहेर सांगलीचे. वडिलांना पक्षाघात झाल्यानंतर घरकामाची माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत सेवेला मावशी ठेवल्या, तेव्हा या व्यवसायाची रीत जवळून पाहायला मिळाली. ब्युरो पहिल्या पगारातून आपले कमिशन कापून घेतो. पुढे मावशी आल्या काय किंवा न आल्या काय, त्याला त्याचे सोयरसुतक नसते. मावशींना भरपगारी रजा नाही, पीएफ नाही, आणि त्या स्वतः आजारी पडल्या तर काम दुसरीकडे जाते.

सांगली-मिरजेत अशा बायकांना रीतसर नोकरीवर घेऊन, प्रशिक्षण, साप्ताहिक सुटी आणि रजा देऊन ही सेवा पुरवावी, असे मनात आहे. मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आईवडील इथे, अशी घरे आमच्या एका गल्लीतच कितीतरी आहेत. परंतु ती ब्युरोपेक्षा जास्त पैसे मोजतील का? आणि राजीनामा आधी द्यावा की चार घरे हातात आल्यावर? नोटीस तीन महिन्यांची आहे.

उत्तर : मिरजेची सिस्टर

गिऱ्हाईक मिळेल की नाही, याची चिंता करू नका. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडल्यापासून मिरजेला दवाखान्यांचे गाव ही ओळख मिळाली आणि आजही उत्तर कर्नाटकापासूनचे रुग्ण इथे येतात. डिस्चार्जचा कागद हातात पडतो, त्या दुपारी घरच्यांची खरी धावपळ सुरू होते. त्या वेळी ज्याचा फोन लागेल, त्याला काम मिळते.

अडचण कामाच्या दर्जाची आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते आणि मग जखम पडते. नाकातल्या नळीतून पेज देताना उशाची बाजू उंच हवी आणि नंतरही अर्धा तास तशीच ठेवायला हवी, कारण पेज श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनियाची भीती असते. हे शिकवायला फार काळ लागत नाही, पण रात्री तीन वाजता ते कोणी करते का, हे पाहायला तुम्ही तिथे नसता. म्हणून वेळेची नोंदवही प्रत्येक घरात ठेवा. इंजेक्शन देणे आणि लघवीची नळी बदलणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेचीच. घरच्यांनी कितीही गळ घातली तरी मावशींना ती करू देऊ नका.

आणखी एक. आठवडाभरात एखादी सूनबाई म्हणणारच, “जाता जाता तेवढी भांडी घासून टाका.” माणसे जपणारा व्यवसाय काढायचा असेल, तर अशा वेळी गिऱ्हाईक नाराज होईल हे धरून मावशींच्या बाजूने उभे राहावे लागेल. करारपत्रात रुग्णाच्या कामांची यादी लिहून घेतली, तर निदान वाद घालायला कागद तरी राहतो.

उत्तर : कुपवाडचा हिशेबनीस

सिस्टरांचे म्हणणे पटले, पण पैशांचे गणित कोणीच मांडलेले नाही. एका रुग्णाला चोवीस तास माणूस हवा असेल, तर बारा तासांच्या दोन याप्रमाणे महिन्याला 60 पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी दिल्यास एक बाई 26 पाळ्या करते. म्हणजे एका रुग्णामागे 2.3 माणसे, आणि रजा-आजारपण धरले तर अडीच. चार रुग्ण झाले की दहा माणसे होतात आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतो. आठ रुग्ण झाले की वीस माणसे होतात आणि पीएफ. ईएसआयमध्ये 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के असतात. पीएफमध्ये मालकाचे 12 टक्के. आपण एचआरमधल्या आहात, हे आपल्याला तोंडपाठ असेल. पण तिकडे ते कंपनीच्या खात्यातून जात होते, इथे ते आपल्या घरातून जाणार.

त्या अडीचमधला वरचा अर्धा माणूस ब्युरो ठेवत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. घरची मंडळी जास्त पैसे देतील ती, मावशी रजेवर असताना सकाळी आठला दुसरी बाई दारात हजर असेल म्हणूनच. तेव्हा दर ठरवताना बदलीच्या बाईचा पगार पहिल्या दिवसापासून धरा.

उत्तर : कृष्णाकाठ

बारा तासांची पाळी गृहीत धरलेली पाहून थोडे आश्चर्य वाटले. आठवड्याला सहा पाळ्या म्हणजे 72 तास झाले. कायद्याची मर्यादा 48 तासांची आहे आणि जादा तासांना दुप्पट दर पडतो. आठ तासांच्या पाळ्या केल्या तर एका रुग्णामागे साडेतीन माणसे लागतील. तरीही बायकांना विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. रात्री दहाला पाळी सुटली तर कवठेमहांकाळच्या बाजूला परतायला एसटी मिळणार कशी, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

महापुराचाही विचार करा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या गावभागात पाणी शिरले, तेव्हा बदलीची बाई पोहोचणे अशक्य होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. पाणी इशाऱ्याकडे चढू लागले की नदीकाठच्या रुग्णांना कुठे हलवायचे आणि कोण सोबत जाणार, हे घरच्यांशी जूनमध्येच बोलून ठेवावे.

नोकरीबद्दल म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना सायकली विकत घेऊन बेळगावला भावाकडे पाठवीत आणि भाऊ तिथे त्या विकत असे. नोकरी त्यांनी नंतर सोडली. आपल्यालाही सांगलीत असा एखादा विश्वासू माणूस मिळाला, तर पहिली दोन घरे पुण्यातून चालवून पाहता येतील. मात्र आपल्या नियुक्तिपत्रात इतर व्यवसायास मनाई असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. माझी आतेबहीण मिरजेत असते आणि ती तयार होईल असे वाटते. राजीनाम्यापूर्वी पैशांच्या बाबतीत आणखी काय पाहावे?

उत्तर : कुपवाडचा हिशेबनीस

ग्रॅच्युइटी काढून पाहा : शेवटचे मूळ वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. मूळ वेतन 60,000 असेल, तर सोळा वर्षांचे साडेपाच लाखांच्या आसपास होतात. ही रक्कम धंद्यात घालू नका, घरखर्चाला ठेवा. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून स्वतःची पॉलिसी आजच घ्या. पीएमईजीपी या सरकारी योजनेच्या अनुदानित कर्जाचा विचार असेल, तर आतेबहिणीला घाई करू देऊ नका. ते अनुदान फक्त नव्या उद्योगाला मिळते, आणि दोन घरे सुरू करून मग अर्ज केलात तर जिल्हा उद्योग केंद्रात तोच पहिला आक्षेप निघेल.